पोच

सत्र संपलं की विचारतात, शिकवणं कसं वाटलं.
एक ते पाच. एक म्हणजे टाकाऊ, पाच म्हणजे उत्तम.
आम्ही एकेचाळीस जण, टेमा बंदरापासून दोन मैलांवर
मालवाहतूक शिकतो,
आणि तीन वर्षांत बंदराच्या आत गेलोय एकदाच,
तेही क्वार्टे सरांनी पहाटे चारला
कुणाला न विचारता नेलं म्हणून.

वर्गप्रतिनिधी मी. फॉर्म गोळा करता करता वाचले.
वाचू नयेत, असं वर छापलेलं होतं.

झिफाने लिहिलंय:
साठा किती ठेवावा त्याचं सूत्र पाठ आहे,
पण सूत्रातला कांदा नासत नाही.
माझ्या आईचा नासतो.

वहाबूने लिहिलंय:
पागाच्या नाक्यावर बाबांचा ट्रक नऊ दिवस उभा होता.
पुस्तकात त्या जागी एक बाण आहे.

नी लांते, नेहमीसारखा:
गोदामाचं सॉफ्टवेअर फळ्यावर शिकलो, आभार.
खडूच्या बटणावर क्लिक कसं करायचं, तेवढं कळवा.

एकीने सगळीकडे पाच दिलेत, खाली ‘देव तुमचं भलं करो’.
नाव नाही, पण अक्षर ओळखतो.
तिची शिष्यवृत्ती याच विभागातून येते.

मी सगळीकडे तीन.
तीन म्हणजे ठीक, असं नाही.
तीन म्हणजे, वाचणार कोण.

गुणवत्ता कक्ष याच इमारतीत, जिन्यावरून वर, त्रेचाळीस पावलं.
दाराला कुलूप.
खोकं ठेवायला जिन्याखाली वाकलो
तर तिथे आधीच तीन खोकी,
हरमॅटनची धूळ बसलेली, सुतळीची गाठही न सुटलेली.
तीन वर्षांची मतं.
सोडली.

प्रात्यक्षिक हवं. बंदर दाखवा. मागचा पंखा बंद आहे.
(पंखा अजून बंद आहे.)
आणि सगळ्यात खालच्या खोक्यात, सातावर आडवी रेघ मारणारं,
रोज फळ्यावर दिसणारं अक्षर:
‘सॉफ्टवेअर फळ्यावर शिकवू नका.’
अग्बेको सर.
तेव्हा आमच्याच बाकावर होते,
आता आम्हाला शिकवतात. फळ्यावर.
संगणक मागितले होते म्हणे दोनदा. कशावर, कुणाला, ते माहीत नाही.

शेवटचा मैल सगळ्यात महाग पडतो, कारणे द्या:
हा प्रश्न मला परीक्षेत होता.
दहापैकी दहा मिळाले.

आजकालच्या मुलांना पोच नाही, असं डीन म्हणतात.
खरं आहे. कुणी दिलीच नाही एकदाही.

मग मी पायरीवर बसून पावती केली, कार्बन घालून, शिकवलं तशी.
प्रेषक: एकेचाळीस.
माल: मतं.
वजन: दीड किलो, फाटकाजवळच्या केंकेवाल्या बाईच्या काट्यावर.
नाशवंत आहे काय: हो.

अकरा वाजता कोर्कोर मॅडम आल्या, हातात किल्ल्या, डोक्यावर उन्हासाठी फाईल.
चष्मा न लावता सही केली,
‘माल सुस्थितीत मिळाला’ या छापील ओळीखाली.
मग थबकल्या.
काय आहे रे आत?

तोंडातून निघून गेलं, कांदे.

हसल्या नाहीत. खोक्याला नाक लावलं,
माझ्याकडे बघितलं, परत खोक्याकडे.
मग आजच उघडायला हवं, म्हणाल्या,
आणि दार लोटून घेतलं.

उघडलं की नाही, ठाऊक नाही.
पोच खिशात आहे, घामाने निळी होत चाललेली.
जिन्याखाली अजून तीन खोकी.
कार्बन संपलाय.
वहाबूकडे असेल, त्याच्या बाबांच्या ट्रकमध्ये असतोच,
पण ट्रक आज कुठे उभा आहे
ते त्यालाही सांगता येत नाही.